डोक्यास मुका मार लागल्यावर कामाचा बेत

बैलाने धडक दिली, आंब्याच्या फांदीवरून पाय घसरला अथवा ट्रॅक्टरवरून तोल गेला की डोक्यास मार बसतो. रक्त न आल्यास ‘मुका मार आहे, उतरेल’ असे म्हणून घरची मंडळी निश्चिंत होतात. परंतु कवटी शाबूत असूनही आत मेंदूस हादरा बसलेला असू शकतो. डोकेदुखी, भोवळ, मळमळ, विसर पडणे, उजेड व गोंगाट सहन न होणे ही त्याची लक्षणे होत. त्यासाठी शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही.

अशा इसमास प्रथम डॉक्टरांस दाखवावे. डोकेदुखी वाढत जाणे, वारंवार उलटी, आकडी, बोबडी वळणे, हातापायातील शक्ती जाणे अथवा जागे करणे कठीण होणे, यांपैकी काहीही दिसल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तपासणी होऊन रोगी घरी आला म्हणजे खरी अडचण सुरू होते. वडीलधारी माणसे त्यास पंधरा पंधरा दिवस अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवू पाहतात. उलटपक्षी, पेरणी तोंडावर आली असेल तर रोगी स्वतःच तिसऱ्या दिवशी तिफण धरतो. दोन्ही गोष्टी अहितकारक आहेत. लंगडणाऱ्या बैलास कोणी लगेच जुंपीत नाही. मालक स्वतःस मात्र ती सवलत देत नाही!

पहिले १-२ दिवस बेताची विश्रांती घ्यावी, मोबाईल शक्यतो दूर ठेवावा, पुरेशी झोप घ्यावी व दारू वर्ज्य करावी. अंगणात सावकाश फिरण्यास हरकत नाही. त्यानंतर बांधापर्यंत जाऊन यावे, गुरांस वैरण टाकावी, बसून बियाणे निवडावे. हे सोसल्यास काम थोडे थोडे वाढवावे. त्रासाचे मोजमाप दहापैकी गुण देऊन करावे. सकाळी दोन गुणांची डोकेदुखी कामात चारापर्यंत गेली आणि तासाभरात उतरली, तर भिण्याचे कारण नाही. त्याहून वाढल्यास काम थांबवावे व दुसऱ्या दिवशी त्याहून हलके काम घ्यावे. वाकून करावयाची खुरपणी आणि पाठीवरचा फवारणी पंप अगदी शेवटी घ्यावा. १६ लिटरच्या पंपात पाण्याचेच ओझे १६ किलो होते.

मेंदू पूर्ववत होण्यापूर्वी दुसरा मार बसल्यास अपाय फार मोठा होऊ शकतो. म्हणून डॉक्टरांची अनुमती मिळेपर्यंत झाडावर चढू नये, ट्रॅक्टर व मोटारसायकल चालवू नये, मारक्या जनावराजवळ अथवा विहिरीच्या काठावर जाऊ नये. बहुतेक प्रौढ माणसे सुमारे दोन आठवड्यांत सावरतात. महिना उलटूनही त्रास राहिल्यास पुन्हा डॉक्टरांकडे जावे.

तोपर्यंत वाफसा थांबत नाही, ही शेतकऱ्याची चिंता खोटी नव्हे. अशा वेळी ग्रामपंचायत अधिकाऱ्याने शेजाऱ्यांस भेटून इर्जिक घडवून आणावी व पेरणी उरकून द्यावी. मजुरीच्या हिशेबाची वही मात्र पहिल्या आठवड्यात रोग्यापुढे टाकू नये, कारण आकडेमोडीनेही डोके शिणते.