मुहूर्त लग्नाचा... आणि व्हिसाचा!

लग्नाचा मुहूर्त गुरुजी काढून देतात. व्हिसाचा मुहूर्त मात्र आपला आपणच काढायचा असतो! आणि तोही उलटा. आधी अर्जाची तारीख ठरवायची, मग तिथून मागे मोजत यायचं.

मी सातपूर एमआयडीसीत क्वालिटीला, नवरा लेस्टरला. लग्न अगदी कांदेपोहे स्टाइल. त्यामुळे हे सगळं ब्रिटनच्या स्पाऊस व्हिसाबद्दल.

पहिली भानगड नावाची. आपल्याकडे मुलीला लग्नात पहिलं, मधलं, शेवटचं, अख्खं नवं नाव मिळू शकतं. सासूबाईंनी माझ्यासाठी छानसं शोधलंही होतं. ते तांदळात लिहून झालं, फोटो झाले, नवऱ्याने उखाण्यातही घेतलं. कागदावर मात्र माहेरचंच ठेवलं. पासपोर्ट, डिग्री, पॅन, बँक, सगळीकडे तेच आहे ना! लग्नानंतर नाव बदलायलाच हवं असा काही कायदा नाही. हौस असेल तर जरूर बदला, पण अर्जाच्या ऐन मध्यात नको.

दुसरं, नोंदणी. नवरा तीन आठवड्यांच्या रजेवर येतो. त्यातला आठवडा खरेदीत, आठवडा देवदर्शनात. महापालिकेत विवाह नोंदणीला दोघांनी समक्ष लागतं, शिवाय तीन साक्षीदार आणि गुरुजींची सही. तो नोंदणी न करता उडाला, तर एका सहीसाठी पुन्हा विमानाचं तिकीट! म्हणून लग्न रजेच्या पहिल्याच आठवड्यात घ्या. सर्टिफिकेटवरचं स्पेलिंग तिथेच उभं राहून पासपोर्टशी ताडून पाहा.

आता खरी गंमत. नातं खरं आहे हे साहेबाला पटवायचं. दोघं प्रत्यक्ष भेटलेले असावेत असा नियमच आहे. लव्ह मॅरेजवाल्यांकडे फोटोंचा ढीग असतो. आम्ही लग्नाआधी भेटलो तीनदा, त्यातही दोनदा समोर अख्खं खानदान! 'बघण्याच्या कार्यक्रमाचा कसला गं फोटो काढता?' म्हणून आजी करवादली होती. तोच फोटो आता फाइलमध्ये आहे. सोबत पत्रिका, त्याची विमानाची तिकिटं, रात्रीच्या कॉल्सची यादी.

पैशाची बाजू त्याची. ११ एप्रिल २०२४ पासून वर्षाला किमान २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे. एकाच कंपनीत सहा महिने झाले असतील, तर सहा महिन्यांच्या पे-स्लिप्स आणि त्यांच्याशी जुळणारं बँक स्टेटमेंट पुरतं. नुकताच जॉब बदलला असेल, तर मागच्या बारा महिन्यांची कमाई दाखवावी लागते. तेव्हा त्याला म्हणावं, बाबा रे, जॉब बदलायची खुमखुमी थोडी आवर!

मग एक्स्पायरी डेट्स. इंग्रजीची परीक्षा दोन वर्षं चालते, ती साखरपुड्यानंतर लगेच उरकून टाका. टीबीचं सर्टिफिकेट सहा महिनेच, त्यामुळे ती चाचणी लग्नानंतर. बँक स्टेटमेंट तर अर्जाच्या आधीच्या २८ दिवसांतलं हवं, म्हणजे ते सगळ्यात शेवटी.

अर्जाची फी वेगळी, हेल्थ सरचार्ज वेगळा: वर्षाला १,०३५ पौंडाच्या दराने ३३ महिन्यांचे ३,१०५. व्हिसा नाकारला तर सरचार्ज परत मिळतो, फी नाही.

निकालाला साधारण बारा आठवडे धरायचे. माझा आता नववा चालू आहे. कंपनीत दोन महिन्यांची नोटीस असल्याने मैत्रिणी रोज विचारतात, 'राजीनामा कधी?' पासपोर्ट हातात येऊ दे, मग टाइप करते. तोवर फर्स्ट शिफ्ट आहेच.