घरचा रोस्ट : हुरडा

रोस्ट डिनर म्हटलं की ओव्हन आठवतो. पण मित्रांनो, आमच्या वारूळवाडीकडे पाहुण्यांना भाजून खायला घालायचं म्हणजे हुरडा! ज्वारीचा दाणा कोवळा, दुधाळ असतानाच कणीस कापायचं; साखरेचं स्टार्च झालं की गोडी गेलीच. हे दिवस मोजकेच, त्यामुळे आमंत्रणाची तारीख पीकच ठरवतं.

खड्ड्यात गोवऱ्या पेटवून जाळ बसू द्यायचा. जाळावर कणीस वरून करपतं, आत कच्चं राहतं. निखाऱ्यात मात्र दाण्यातल्याच पाण्याची वाफ होते आणि तो आतून शिजतो. मग गरम असतानाच कणीस हातावर चोळायचं (हे काम पाहुण्यांना देऊ नये!). सोबत शेंगदाण्याची चटणी, गूळ, दही. गार हुरडा वातड लागतो, म्हणून यजमानाने शेवटीच बसावं.

नारायणगावच्या या पट्ट्यात टोमॅटो, द्राक्षं, ऊस यांचाच जोर. तेव्हा हिवाळ्यात पाहुणे बोलवायचे असतील तर रब्बीच्या पेरणीलाच दोन वाफे ज्वारीसाठी मागून घ्यावे लागतात.