वळचणीचं पाणी आढ्याला!
(बर्फाळ मुलखात घराचं छप्पर निवडताना)

‘वळचणीचं पाणी आढ्याला जाणं’ हा वाक्प्रचार आपण शाळेत वाक्यात उपयोग करण्यापुरता शिकलो. अशक्य गोष्ट घडली की वापरायचा, दोन मार्क मिळवायचे आणि विसरून जायचं. पण अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे बफेलो, सिरॅक्यूज, व्हरमाँट या पट्ट्यात, तो हिवाळ्यात शब्दशः खरा ठरतो. वळचणीला अडलेलं पाणी खरोखरच आढ्याच्या दिशेने वर सरकतं, छपराच्या आवरणाखालून आत शिरतं आणि बेडरूमच्या छतावर तपकिरी नकाशे काढतं. हे कसं होतं, आणि अशा ठिकाणी छपराला नेमकं काय वापरावं, ते या लेखात पाहू.

आता कुणी म्हणेल, ‘‘तिकडचं राहू दे, आधी हॉस्टेलचा तिसरा मजला गळतो ते बघा!’’ मुद्दा रास्त आहे. पण आपल्यातले काही जण एमएसला तिकडेच जातात, आणि त्यातले काही पुढे घरंही घेतात. शिवाय आयएस ८७५ चा भाग ३ आपण वाऱ्यासाठी घोकतो; त्याच संहितेचा भाग ४ बर्फासाठी आहे, आणि काश्मीर-हिमाचलात काम करणाऱ्याला तो उघडावाच लागतो. तेव्हा विषय अगदीच परका नाही.

गारा वेगळ्या, हिम वेगळं

आधी एक घोटाळा दूर करू. गारा आणि हिम दोन्ही गोठलेलं पाणीच, पण छपराच्या दृष्टीने दोघांचा स्वभाव निराळा. गारा तयार व्हायला गडगडाटी ढगातला जोरदार वर चढणारा प्रवाह लागतो, म्हणून त्या उन्हाच्या दिवसांत पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेली गारपीट आठवा. अमेरिकेत मोठ्या गारांचा मुलूख म्हणजे टेक्सास, ओक्लाहोमा, कॅन्सस, नेब्रास्का, कोलोरॅडो. बफेलोचं दुखणं दुसरं आहे. एरी सरोवरावरून येणारा गार वारा वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फाच्या रूपात ओततो. तिथे वर्षाला सरासरी अडीच मीटरच्या आसपास बर्फ पडतो. मोठ्या गारा मात्र क्वचित.

गारांसाठी छपराची यूएल २२१८ नावाची चाचणी असते. तिच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत वरच्या वर्गासाठी २ इंची पोलादी गोळा २० फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात. आवरणाला तडा गेला नाही तर पास. टेक्साससारख्या राज्यांत अशा मालावर विम्यात सवलत मिळू शकते, त्यामुळे जास्तीचे पैसे वसूल होतात. बफेलोत केवळ त्या शिक्क्यासाठी जादा मोजणं म्हणजे मुंबईत गाडीला बर्फाच्या साखळ्या घेण्यासारखं. तेच पैसे दुसरीकडे लावता येतात. कुठे, ते पुढे येईलच.

बर्फाचं वजन

ताजा, भुसभुशीत बर्फ घनमीटरला साधारण ५० ते १०० किलो भरतो. दबून बसला की २०० ते ३००. वर पाऊस पडला की तो स्पंजासारखा पाणी पितो आणि ४०० च्याही वर जातो. म्हणून तिथले लोक नुसती उंची बघून घाबरत नाहीत, बर्फानंतर येणाऱ्या पावसाला घाबरतात. नोव्हेंबर २०१४ मध्ये बफेलोच्या दक्षिणेकडच्या उपनगरांत काही दिवसांत ५ फुटांहून जास्त बर्फ पडला आणि बरीच छपरं बसली.

सिव्हिलवाल्यांना कनेटिकटमधलं हार्टफर्ड सिव्हिक सेंटर माहीत असेल. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे त्याचं स्पेस फ्रेमचं अख्खं छप्पर कोसळलं. काही तास आधी तिथे बास्केटबॉलची मॅच झाली होती आणि सुमारे ५००० प्रेक्षक घरी गेले होते. नशीब! बर्फ हे निमित्त झालं; मूळ दोष वरच्या, दाबाखालच्या मेंबर्सना पुरेसा आडवा आधार नसण्यात होता.

आता अमेरिकन संहिता एएससीई ७ काय सांगते ते बघू. सपाट छपरावरचा भार जमिनीवरच्या भाराच्या ०.७ पट, गुणिले इतर गुणक. छप्पर उतरतं असेल तर आणखी एक उतार-गुणक लागतो, आणि गंमत अशी की हा गुणक आवरणाच्या मालावर अवलंबून आहे. धातूचा पत्रा आणि स्लेट ‘घसरडे’ मानतात. डांबरी शिंगल आणि लाकडी फळ्या घसरड्या मानत नाहीत. उबदार छपरासाठी, घसरड्या मालाला ५ अंशांपासूनच सूट सुरू होते आणि ७० अंशांना भार शून्य होतो. बाकीच्यांना ३० अंशांपर्यंत काहीच सूट नाही.

एक उदाहरण करू. जमिनीवरचा भार २.४ किलोपास्कल धरा, उतार ३० अंश, घराचं आडवं क्षेत्रफळ १२० चौ. मी., बाकीचे गुणक १. (लक्षात ठेवा, बर्फाचा भार आडव्या क्षेत्रफळावर धरतात, उतारावर नाही. इथे बरेच जण मार्क घालवतात.)

सपाट भार = ०.७ × २.४ = १.६८ किलोपास्कल, म्हणजे चौरस मीटरला सुमारे १७१ किलो.
शिंगलचं छप्पर : गुणक १, एकूण सुमारे २०.५ टन.
पत्र्याचं छप्पर : गुणक (७०−३०)/६५ = ०.६१५, एकूण सुमारे १२.६ टन.

आठ टनांचा फरक, फक्त वरचा माल बदलून! मग सगळ्यांनी पत्राच का घालू नये? कारण या सवलतीला अट आहे : बर्फ विनाअडथळा घसरला पाहिजे आणि खाली पडायला मोकळी जागा पाहिजे. खाली दार, पायवाट, गॅसचा मीटर किंवा शेजाऱ्याची गाडी असेल तर? पत्र्यावरून बर्फ पावसासारखा थेंबथेंब येत नाही, अख्खी लादी एकदम सुटते. त्याखाली माणूस सापडला तर जिवावर बेततं. म्हणून पत्र्यावर ‘स्नो गार्ड’ म्हणजे बर्फ अडवणारे अडसर बसवतात. पण अडसर आले की ‘विनाअडथळा’ ही अट मोडली, सूट गेली आणि हिशोब परत २०.५ टनांवर आला. वर ३० अंशांच्या उताराला बर्फाच्या वजनाचा निम्मा ओढा उतारावरून खाली असतो (साइन ३० = ०.५), तो घर्षण वगळता अडसरांवर येतो. तेव्हा वळचणीला एकच रांग ठोकून भागत नाही.

थोडक्यात, बर्फ छपरावर धरून ठेवायचा की सोडून द्यायचा, हे आधी ठरवायचं. माल त्यानंतर. दोन्ही फायदे एकदम मिळत नाहीत.

पाणी वर कसं चढतं?

आता त्या वाक्प्रचाराकडे. घरात हीटर चालू आहे. दिव्यांच्या खोबणी, पाइपांच्या भोवतीच्या फटी, माळ्यावर जायचं झाकण, यातून गरम हवा माळ्यावर जाते. वरचं छप्पर आतून तापतं आणि बर्फाचा तळचा थर वितळतो. पाणी उतारावरून खाली येतं. पण वळचण भिंतीच्या बाहेर आलेली, तिच्याखाली घर नाही, ती थंडगार. तिथे पोचताच पाणी गोठतं. रोज थोडं थोडं करत बर्फाचा बांध तयार होतो. पुढचं पाणी त्या बांधामागे तुंबतं आणि तळ्यासारखं वर वर सरकतं.

शिंगल काय किंवा आपली कौलं काय, एकावर एक रचलेलं छप्पर वाहतं पाणी उतरवण्यासाठी असतं, साठलेलं पाणी अडवण्यासाठी नाही. तळं सांध्याच्या वर चढलं की पाणी आत. वळचणीला लोंबणाऱ्या गोठलेल्या पागोळ्या फोटोत सुंदर दिसतात, पण बऱ्याचदा त्या आतून उष्णता गळत असल्याची पावती असतात.

यावर उपाय तीन, आणि ते याच क्रमाने करायचे. पहिला, माळ्याकडे जाणाऱ्या फटी बुजवणं. दुसरा, माळ्याच्या तळावर जाड इन्सुलेशन. तिसरा, वळचणीतून हवा आत आणि आढ्यातून बाहेर, असं वायुवीजन, म्हणजे छप्पर थंड राहतं. एवढं करूनही विमा म्हणून वळचणीला चिकट डांबरी पडदा अंथरतात. तिथल्या घरबांधणी संहितेप्रमाणे, जिथे असे बांध होण्याचा इतिहास आहे तिथे, तो बाहेरच्या भिंतीच्या रेषेच्या आत निदान २४ इंच जायला हवा. गारांच्या शिक्क्यावर वाचलेले पैसे लावायचे ते इथे.

एक किंमत मात्र मोजावी लागते. छप्पर थंड ठेवलं की बर्फ कमी वितळतो, म्हणून संहिता भार थोडा वाढवायला सांगते (थर्मल गुणक १ ऐवजी १.१). गळती टाळायची तर वासे थोडे दणकट हवेत. फुकट काही मिळत नाही!

उमेदवार

डांबरी शिंगल : काचतंतूंची चटई, डांबर आणि वर खडीचे बारीक दाणे. वजन चौ. मीटरला १० ते २० किलो, आयुष्य साधारण २० ते ३० वर्षं, सर्वांत स्वस्त, आणि कारागीर कुठेही मिळतो. दाण्यांमुळे बर्फ धरून ठेवते. पथ्य एकच : तिची चिकटपट्टी उन्हाने तापून चिकटते, म्हणून कडाक्याच्या थंडीत बसवली तर ती सुटी राहते आणि वारा उचलतो.

उभ्या शिवणीचा पत्रा : झिंक-अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेलं पोलाद किंवा अॅल्युमिनियम. वजन ५ ते ७ किलो, आयुष्य ४० वर्षं किंवा अधिक. शिवण उभी, खिळे झाकलेले, त्यामुळे भोकंच उघडी नाहीत. आपल्याकडच्या पत्र्यासारखे उघडे स्क्रू असले की रबरी वॉशर आधी मरतो. प्रसरणाचं गणितही विसरू नका. उणे २५ पासून उन्हातल्या ६० अंशांपर्यंत ६ मीटरचा पोलादी पत्रा सुमारे ६ मिलिमीटर वाढतो, अॅल्युमिनियमचा जवळजवळ दुप्पट. म्हणून तो सरकत्या क्लिपांवर बसवतात आणि स्नो गार्डही भोक न पाडता शिवणीला चिमटतात.

स्लेट : आपली शाळेतली दगडी पाटी! व्हरमाँट आणि न्यूयॉर्कच्या सीमेवर ‘स्लेट व्हॅली’ आहे. वेल्समधून आलेल्या खाणकामगारांनी तिथल्या खाणी चालवल्या. उत्तम, म्हणजे एस-१ प्रतीची पाटी फार तर ०.२५ टक्के पाणी शोषते आणि ७५ वर्षांहून जास्त टिकते अशी अपेक्षा असते. मोठ्या गारांनी ती फुटू शकते, म्हणूनच गारा कमी हा तिच्या बाजूचा मुद्दा. वजन मात्र ३५ ते ५० किलो. आपल्या उदाहरणात सुमारे साडेपाच टन कायमचे डोक्यावर, आणि कारागीर महाग.

मातीची कौलं : मंगलोरी कौलाची आठवण येईल, पण ते तिथे चालायचं नाही. सच्छिद्र मातीत पाणी मुरतं, गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि काही हिवाळ्यांत कौलाचे पापुद्रे निघतात. खास तुषारसह कौलं मिळतात, पण जड आणि महाग. लाकडी फळ्या दिसायला छान, पण आग आणि शेवाळ यांची कटकट.

मग घ्यायचं काय?

चार प्रश्न, याच क्रमाने. माळा बंदिस्त आणि थंड आहे का? नसेल तर कुठलाही माल घ्या, वळचणीचं पाणी आढ्याला जाणारच. घसरलेला बर्फ कुठे पडेल? खालच्या व्हरांड्याच्या छपरावर पडणार असेल तर त्या छपराला जादा भार धरावा लागतो. वासे किती वजन पेलतील? आणि त्या घरात किती वर्षं राहायचंय?

उतार चांगला, खाली मोकळी जागा आणि मुक्काम लांबचा असेल तर पत्रा. भोवती वर्दळ, बजेट मध्यम किंवा दहा-पंधरा वर्षांत घर विकायचं असेल तर शिंगल, आणि वाचलेले पैसे इन्सुलेशनला. जुनं, दणकट घर असेल आणि नातवंडांसाठी बांधल्यासारखं बांधायचं असेल तर पाटी, पण अडसर लावून आणि पूर्ण भार धरून.

सेल्समन रंगांचं कार्ड पुढे करेल. रंग शेवटी ठरवा. आधी एकदा वळचणीखाली जाऊन उभे राहा आणि वरून काय पडू शकतं ते बघा. (अर्थात, उन्हाळ्यात!)