कोऱ्या धातूला जुनेपणाचा हात

धातू मुद्दाम काळा करण्याची विद्या परभणीला परकी नाही. परभणी आणि बीदर 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत एकाच हैदराबाद राज्यात होते, आणि बिदरी काम ही त्या शेजाराची जुनी मिरास. जस्त जास्त, तांबं थोडं असं ओतकाम, त्यात चांदीची तार ठोकलेली. मग बीदरच्या किल्ल्यातली, ऊन-पावसापासून आडोशाला राहिलेली माती नवसागराच्या पाण्यात उकळायची आणि वस्तू त्यात बुडवायची. जस्त-तांबं काळंभोर होतं, चांदी पांढरीच उरते. 1851 च्या लंडनच्या महाप्रदर्शनात ही भांडी मांडली होती; 2023 मध्ये बीदरचे शाह रशीद अहमद कादरी यांना पद्मश्री मिळाली.

प्लॅस्टिकच्या वीतभर मॉडेलवर कुंचल्याने असा जुनेपणा आणणं हे त्यामानाने कालपरवाचं.

इंग्लंडातल्या हल शहरात 1919 मध्ये सुरू झालेल्या हम्ब्रोलच्या इनॅमल डब्या पुढे मॉडेलवाल्यांच्या टेबलावर ठरलेल्या झाल्या. पण त्या रंगांनी केलेला रणगाडा कारखान्यातून आत्ताच बाहेर पडल्यासारखा दिसे. 1970 च्या दशकात शिकागोच्या शेप पेन यांनी हे चित्र पालटलं. मोनोग्राम कंपनीच्या खोक्यांसोबत त्यांनी रचलेल्या देखाव्यांची पत्रकं येत: चिखल, पोचे, उडालेला रंग. पोरासोरांना ती सुट्ट्या भागांहून प्यारी असत. बेल्जियमच्या फ्रान्स्वा व्हर्लिंडन यांनी पुढे हाच बाज युरोपभर नेला.

सगळी मदार दोन हातखंड्यांवर होती. पहिला वॉश: पातळ केलेला गडद रंग वरून सोडायचा, तो खाचांत, खिळ्यांच्या कडेला जाऊन बसतो. दुसरा ड्राय ब्रश: फिका चंदेरी रंग कुंचल्याला लावून जवळजवळ सगळा फडक्यावर पुसून टाकायचा आणि उरलेला नुसता उंचवट्यांवरून फिरवायचा. हात लागून लागून घासलेली कड तेवढी चमकते. फडक्यावर पुसायचा कंटाळा केला, की काम फसलंच.

2000 नंतर स्पेनचा जोर वाढला. मिग हिमेनेझ यांनी गंजासारखी कोरडी रंगपूड लोकप्रिय केली. 2009 मध्ये एके इंटरॅक्टिव्ह ही कंपनी आली. गंजाचा थर, त्यावर केसांचा स्प्रे, त्यावर वरचा रंग, मग ओल्या कुंचल्याने घासून पापुद्रे काढायचे, ही युक्तीही याच काळात पसरली. नंतर तर गंज आणि ताम्रहिरवा बाटलीत तयारच मिळू लागला. सोय झाली खरी, पण सरसकट सगळ्यालाच नारिंगी गंज चढू लागला. पितळेला असा गंज धरत नाही. ते आधी काळवंडतं, ओल राहिली तर हिरवटतं. आंबट ठेवून कळकलेलं भांडं ज्याने पाहिलंय त्याला हे कुठल्या पुस्तकाने सांगायला नको.

त्यामुळे परभणीत शिवजयंतीच्या देखाव्यासाठी तोफ करणाऱ्यांना महागड्या बाटल्यांची गरज नाही. दांडेकरांनी 1931 मध्ये शाईपासून उभ्या केलेल्या कॅमलिनचे अ‍ॅक्रिलिक रंग पुरतात. आधी एवढंच ठरवा, तोफ लोखंडी की कांस्याची. एके काळी परांड्याच्या किल्ल्यावर असलेली आणि आज विजापुरात असलेली मुलूख मैदान 1549 साली अहमदनगरला ओतली गेली, तीही कांस्याची. तिच्या प्रतिकृतीला तपकिरी अंगावर खाचांपुरता हिरवट वॉश द्या. लोखंडी तोफेला काळा रंग आणि वर जागोजागी बर्न्ट सिएना. चंदेरी डबा मात्र तलवारीच्या धारेसाठी राखून ठेवा.