‘क्लिक’ झालं, पण गोळी सुटलीच नाही!

अमेरिकेतल्या बऱ्याच श्रोत्यांनी स्वसंरक्षणासाठी पिस्तूल घेतलंय किंवा घ्यायचा विचार चाललाय. म्हणून आजचा विषय : ऐन वेळी पिस्तूल अडकलं तर?

२५ जुलै २०२१ चं टोकियो ऑलिंपिक आठवतंय? मनू भाकरच्या एअर पिस्तुलात ऐन स्पर्धेत बिघाड झाला. दुरुस्तीत मोलाची मिनिटं गेली आणि फायनल हुकली. ते खेळाचं पिस्तूल होतं, समोर फक्त टार्गेट होतं. घरात घुसखोर असेल तर तेवढी मिनिटं कोण देणार?

आधी मशीन समजून घेऊ. सेमी-ऑटोमॅटिक पिस्तुलात गोळी सुटली की स्लाइड मागे जाते, रिकामी पुंगळी बाहेर फेकते आणि पुढे येताना मॅगझिनमधलं नवं काडतूस चेंबरमध्ये ढकलते. या साखळीतली एक कडी चुकली की काम थांबतं.

नेहमीचे बिघाड तीन. एक, चाप ओढला आणि नुसतं ‘क्लिक’ : मॅगझिन नीट बसलेलं नाही किंवा काडतूस खराब आहे. दोन, पुंगळी बाहेर पडताना स्लाइडमध्ये उभी अडकली. तीन, चेंबर भरलेलं असतानाच मागून दुसरं काडतूस घुसलं. याला डबल फीड म्हणतात.

पहिल्या दोन्हींना उपाय एकच : मॅगझिनला खालून तळहाताने ठोका, स्लाइड पूर्ण मागे खेचून सोडा, पुन्हा परिस्थिती बघा. आपल्या भाषेत, आधी रिट्राय, डीबगिंग नंतर. डबल फीडला मात्र रिट्राय चालत नाही. स्लाइड मागे अडकवा, मॅगझिन ओढून काढा, स्लाइड दोन-तीनदा मागेपुढे करून चेंबर रिकामं करा, मग मॅगझिन घालून पुन्हा लोड करा.

हे वाचून येत नाही, हाताला वळण लागावं लागतं. त्यासाठी डमी काडतुसं मिळतात, प्लास्टिकची किंवा अ‍ॅल्युमिनियमची, आत दारू नसलेली. रेंजवर जोडीदाराला सांगा की खऱ्या गोळ्यांमध्ये एक-दोन डमी मिसळ, कुठे ते मला सांगू नकोस. डमीवर ‘क्लिक’ होताना नळीचं तोंड खाली झुकलं, तर समजायचं की धक्क्याच्या भीतीने हात आधीच दचकतोय. म्हणजे एका सरावात दोन दोष सापडतात.

घरी सराव करताना खऱ्या गोळ्या त्या खोलीत नकोतच. चेंबर डोळ्यांनी आणि बोटाने, दोनदा तपासा. नळी सुरक्षित दिशेला. आणि बिघाड काढताना बोट चापावर अजिबात नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ‘क्लिक’ऐवजी ‘फुस्स’ असा दबका आवाज आला, धक्काही नेहमीपेक्षा कमी बसला, तर थांबा! गोळी नळीतच अडकलेली असू शकते. सवयीने स्लाइड खेचून पुढची गोळी झाडली तर नळी फुटून हाताला, डोळ्याला इजा होऊ शकते. शिवाय रेंजवर खऱ्या काडतुसाचं ‘क्लिक’ झालं तर नळी टार्गेटकडेच धरून ३० सेकंद थांबा, कारण दारू कधीकधी उशिरा पेटते. म्हणजे हाताला वेग शिकवा, पण कानाला फरकही शिकवा.

आणि कायदा. एच-वन-बी किंवा स्टुडंट व्हिसावर असाल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्यानुसार सहसा बंदूक किंवा गोळ्या बाळगता येत नाहीत. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजकेच अपवाद आहेत. “मित्राचं पिस्तूल आहे, रेंजवर जरा चालवून बघतो” हेसुद्धा अंगाशी येऊ शकतं. आधी वकिलाला विचारा. भारतात १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो, हे वेगळं सांगायला नको.

पहिला सराव प्रशिक्षकासमोरच करा. फोनवर व्हिडिओ बघून कळेल सगळं, पण तुमचं बोट चापावर गेलंय हे फोन सांगणार नाही. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!