दोरीच्या दुसऱ्या टोकाला

८ सप्टेंबर २०२४. पॅरिस पॅरालिम्पिकचा शेवटचा दिवस. महिलांच्या मॅरेथॉनमध्ये स्पेनची अंशदृष्टी धावपटू एलेना कोंगोस्त तिसरी होती आणि तिच्यामागची जपानची मिसातो मिचिशिता चांगली तीन मिनिटं मागे. अंतिम रेषा काही मीटरवर असताना एलेनाचा गाइड मिया कारोल याच्या पायात गोळे आले. तो पडतोय असं वाटताच तिने त्याला सावरायला दोघांना जोडणारी हातातली दोरी क्षणभर सोडली. तेवढ्यावरून ती बाद ठरली आणि त्या दिवशीचं कांस्यपदक मिचिशिताला गेलं.

नियम निष्ठुर खराच. पण अंध धावपटूंच्या शर्यतीचा सगळा डोलारा त्या आखूड दोरीवर उभा असतो. टी-११ गटात, म्हणजे ज्यांना जवळपास काहीच दिसत नाही त्यांच्यात, डोळ्यांवर पट्टी आणि सोबत गाइड सक्तीचा. टी-१२ मध्ये गाइड घ्यायचा की नाही, हे खेळाडू ठरवतो. जोडीला दोन लेन लागतात, त्यामुळे आठ लेनच्या ट्रॅकवर चारच खेळाडू धावतात. गाइडने ओढायचं नाही, ढकलायचं नाही आणि रेषा खेळाडूच्या आधी ओलांडायची नाही.

म्हणजे गाइड खेळाडूपेक्षा वेगवान हवा, तरी पुढे जाता कामा नये! सिडनीत २००० साली केनियाच्या हेन्री वान्योइकेने पाच हजार मीटरमध्ये अशी मजल मारली की दमलेल्या गाइडला शेवटी त्यानेच रेषेपर्यंत ओढत नेलं. सुवर्ण मात्र मिळालं. पॅरिसमध्ये सिमरन शर्माने दोनशे मीटरमध्ये कांस्य जिंकलं, तेव्हा तिच्याबरोबर धावणारा अभय सिंगही पदकाचा मानकरी ठरला.

हे झालं मोठ्या मैदानावरचं. हौशी धावपटूंना गाइड मिळवून देण्याची चळवळ न्यूयॉर्कमध्ये रुजली. मांडीपासून पाय गमावलेल्या डिक ट्राउमने १९७६ साली तिथली मॅरेथॉन पूर्ण केली आणि १९८३ मध्ये अकिलीस ट्रॅक क्लब सुरू केला. तिथे अपंग धावपटूंच्या बरोबरीने स्वयंसेवकही धावतात.

अशा स्वयंसेवकाला विक्रमी वेळ लागत नाही, तोंड चालू ठेवता यावं लागतं. सुरुवात बहुधा चालण्यापासून होते. काही ठिकाणी नवख्यालाच आधी डोळ्यांवर पट्टी बांधून फिरवतात. मग हातांची लय. दोघांचे दोरी धरलेले हात एकाच वेळी पुढे, एकाच वेळी मागे. एकाने लय चुकवली की दोरीला हिसका बसतो.

आपल्याकडच्या रस्त्यावर तर समालोचकच व्हावं लागतं. “पुढे स्पीडब्रेकर... तीन, दोन, एक!” “उजवीकडे थोडं, खड्डा आहे.” “डावीकडे कुत्रं झोपलंय, चालत राहा.” पाण्याच्या टेबलाजवळ सगळ्यात घोळ: रस्ता ओला, रिकामे पेले पायात येतात, पुढचा माणूस अचानक थांबतो. अनुभवी गाइड तिथे धावपटूला बाहेरच्या कडेने घेतो आणि पेला थेट त्याच्या हातात देतो. नुसतं “सांभाळून” म्हणणाऱ्याचा मात्र काही उपयोग नसतो. कशापासून सांभाळायचं ते सांगायला नको?

उत्साही माणसं पुष्कळ येतात. अडतं ते नियमित येणाऱ्यांपाशी. गाइडने ऐनवेळी दांडी मारली, तर पहाटे उठून, रिक्षा करून मैदानावर पोचलेल्या धावपटूचा सराव बुडतो. म्हणूनच एका धावपटूमागे दोन-तीन गाइड तयार ठेवलेले बरे. लांब पल्ल्याच्या स्पर्धांचे नियमही वाटेत गाइड बदलू देतात.