सातबारा वाचता येतो का?

कर्जत लोकलने कॉलेजला जाताय ना? मग मोबाइल खिशात टाका आणि नेरळच्या पुढे जरा खिडकीबाहेर बघा. भातखाचरं, त्यांना खेटून वन बीएचकेच्या इमारती, मध्येच फार्महाऊसची कुंपणं. ही जमीन कुणाची होती? विकली कुणी? आणि तिच्यावर कागदाशिवाय राहणाऱ्यांचं काय झालं? असे प्रश्न विचारणं हे चक्क करिअर असू शकतं. करिअर फेअरमध्ये कुणी सांगत नाही, ही गोष्ट वेगळी.

शहरी बदलांचा अभ्यास म्हटलं की आपल्याला धारावी आणि गिरणगावच आठवतं. पण शहर आता आपल्याच तालुक्यात बनतंय. २०१३ मध्ये नवी मुंबई विमानतळाभोवतीचं ‘नैना’ क्षेत्र जाहीर झालं, त्याच्या नकाशात खालापूरची गावं आली. पनवेल-कर्जत उपनगरी मार्गामुळे चौकच्या जमिनींनाही ‘स्टेशनजवळ’ हे विशेषण चिकटलं.

याच भागावर एक पुस्तक आहे, डॅनियल बकल्स आणि राजीव खेडकर यांचं ‘फायटिंग एव्हिक्शन’ (२०१३). विषय आहे कातकऱ्यांच्या घराखालची जमीन. कित्येक कातकरी वाड्या दुसऱ्याच्या मालकीच्या जागेवर आहेत. मजूर हवे होते तोवर मालकाची हरकत नव्हती. जमिनीला भाव आला आणि वाडी अडचण ठरली. पिढ्यान् पिढ्या राहूनही सातबाऱ्यावर नाव नाही! या अभ्यासाचं वेगळेपण म्हणजे वाडीतली माणसं नुसती ‘सॅम्पल’ नव्हती. आपल्या वाडीला गावठाणाचा दर्जा कसा मिळेल, याची खटपट त्यांनी अभ्यासासोबतच केली.

या क्षेत्रात यायला आर्किटेक्टच असावं लागतं असं नाही. समाजशास्त्र, भूगोल, अर्थशास्त्र, काहीही चालतं. ‘टिस’मध्ये हॅबिटॅट स्टडीजचं स्कूल आहे, पुण्यात सीओईपीत प्लॅनिंग शिकता येतं. पुढे नेट-जेआरएफ मिळाली तर पीएचडी करताना पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार रुपये. नाही मिळाली तर घरच्यांना ‘अजून शिकतोच आहे’ हे समजावणं, खरं सांगायचं तर, थीसिसपेक्षा अवघड. प्राध्यापकांच्या कायम जागाही मोजक्याच निघतात, हे धरूनच चाला.

सुरुवात मात्र आजच, फुकटात होते. एक गाव निवडा. महाभूलेखवर सातबारे बघा, महारेराच्या साइटवर त्याच गावातले प्रकल्प शोधा, दोन्ही शेजारी मांडा. इंग्रजीत थीसिस लिहिणाऱ्या कित्येकांना ‘फेरफार’, ‘कूळ’, ‘इतर हक्क’ हे शब्द दुभाष्याकडून समजून घ्यावे लागतात. तुमच्या आजोबांना ते तोंडपाठ असतील. विचारा त्यांना.

आणि वाडीवर जायचंच असेल तर पावसाळ्यात जा. दिवाळीनंतर बरीच कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात. जानेवारीत सर्व्हे केलात तर बंद दारं दिसतील आणि तुमच्या फॉर्मवरही ‘इथे कुणी राहत नाही’ असंच लिहिलं जाईल.